घरकर्जाची नोटीस आणि हातातले साठ दिवस

प्रश्न : माझे पती जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात कामाला होते. मागणी घटली तसा आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग पाळ्या कमी झाल्या आणि अखेरीस त्यांना घरी बसावे लागले. पिंप्राळ्यातील आमच्या घरावर बँकेचे १४ लाखांचे कर्ज आहे. दरमहा १३ हजारांचे चार हप्ते थकले असून, साठ दिवसांत संपूर्ण कर्ज फेडा अशी नोटीस आली आहे. मोठे दीर म्हणतात, किल्ली बँकेला देऊन मोकळे व्हा. भाऊ म्हणतो, सावकाराकडून पैसे उचला. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, या दोन्हींपैकी एकही गोष्ट आज करू नका. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (म्हणजे थकीत, एनपीए) ठरते आणि कोर्टात न जाता तारण मालमत्तेतून वसुली करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) प्रमाणे बँक अशी नोटीस देते. ही नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. ५२ हजारांच्या थकबाकीसाठी १४ लाखांची मागणी वाचून छातीत धस्स होते, हे मी समजू शकतो. परंतु हे साठ दिवस कायद्याने तुम्हाला दिलेले आहेत. लोक काय म्हणतील या धास्तीने नोटीस कपाटात ठेवणारी किंवा पोस्टमनला परत पाठवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. नोटीस नाकारल्याने कारवाई थांबत नाही, फक्त आपले दिवस वाया जातात.

प्रथम शाखेतून कर्जखात्याचा उतारा मागा आणि थकबाकीचा आकडा तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार उशिराचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही आकारता येत नाही. त्यानंतर नोटिशीला लेखी उत्तर द्या. पतीचे काम केव्हा व कसे गेले, सध्या घरात किती उत्पन्न येते, दरमहा किती रक्कम खरोखर भरता येईल आणि मुदत वाढवून हप्ता कमी करावा अशी तुमची विनंती आहे, हे सर्व त्यात यावे. कारखान्याचे पत्र सोबत जोडून अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यावी. अशा निवेदनावर बँकेने विचार करून, ते अमान्य असल्यास पंधरा दिवसांत कारणांसह कळवणे कलम १३(३अ) नुसार बंधनकारक आहे. मुदत वाढवून देणे मात्र बँकेच्या मर्जीवर अवलंबून असते, म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

एखादा हप्ता भरला की झाले, हा समज अनेकांना महागात पडला आहे. खाते एकदा अनुत्पादक झाले की मुद्दल व व्याजाची सारी थकबाकी भरल्याशिवाय ते नियमित होत नाही. त्यामुळे थोडे दागिने मोडायचे झाल्यास पूर्ण ५२ हजार आणि वरचा आकार एकदम भरता येईल असेच मोडा, आणि कारवाई मागे घेतल्याचे पत्र बँकेकडून घ्या. सावकाराचा पैसा घेतल्यास एका कर्जाची दोन होतील. पुढच्या महिन्याचा हप्ता तरीही उभाच राहील.

किल्ली दिल्याने कर्ज फिटत नाही. लिलावात कमी रक्कम आली तर उरलेली बाकी तुमच्याच नावावर राहते. जास्त आली तर खर्च वजा जाता ती तुम्हाला परत मिळायला हवी. मंदीत गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा दरही पडतो. म्हणून नवे काम लागण्याची चिन्हे नसतील, तर घर स्वतः विकण्याचा विचार आताच करावा, हे मला कठोर वाटत असूनही सांगावे लागते. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, त्यामुळे ग्राहक मिळताच ती संमती मागा.

साठ दिवस उलटल्यावर बँक आधी दारावर ताब्याची सूचना लावते व ती दोन वर्तमानपत्रांत छापते. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती सहसा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्व येणे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, ही तारीख ध्यानात ठेवा. वसुलीसाठी येणाऱ्या माणसांना सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. त्रास झाल्यास वेळ टिपून लेखी तक्रार करा.

प्रश्न : मेहुण्याने पतसंस्थेतून घर बांधण्यासाठी कर्ज घेतले; मी जामीनदार आहे. हप्ते थकले आहेत. आधी त्याचे घर विकल्याशिवाय माझ्याकडे वसुली होईल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : होऊ शकते. करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला घेतात. तो अर्ज दाखल झाल्याची नोटीस तुम्हालाही येईल. त्या तारखेला मेहुण्यांसह स्वतः हजर राहा आणि त्यांनी भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती सोबत न्या.