अण्णांना विचारलंस का?

"ताई, आमचे सासरे, अण्णा, 78 वर्षांचे. हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पार्किन्सन्स होऊन चौदा वर्षं झाली. आता धरून उठवावं लागतं, त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नाही, संध्याकाळी खोलीत लहान मुलं दिसतात म्हणतात. ठसका लागतो म्हणून आवडीचा भडंग बंद केला, तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मिस्टर म्हणतात मुंबईला नेऊ. साताऱ्याचे दीर फोनवर सल्ले देतात. मला वाटतं, हाल कशाला? त्यांच्या आयुष्यात आता उरलंय काय?"
– एक सून, विश्रामबाग, सांगली

तुझ्या पत्रात नवरा बोलतो, दीर बोलतात, तू बोलतेस. अण्णांचं म्हणणं मात्र एकाच ठिकाणी सापडलं: भडंग बंद झाला आणि ते जेवले नाहीत.

या आजारात चेहरा ताठरतो, आवाज खोल जातो, उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. बघणाऱ्याला वाटतं, यांना काही कळत नाही. पुष्कळदा सगळं कळत असतं. आजार वाढल्यावर काहींची समजही कमी होते, पण ते आधीच धरून चालू नकोस. टीव्ही बंद कर, समोर बस, एकच प्रश्न विचार आणि थांब. मधेच त्यांचं वाक्य पुरं करू नकोस. मुंबईला जायचं का, हे त्यांनाच विचारा.

विचारायचं ते गोळी लागू पडलेली असताना. लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीच्या, वेळा घड्याळावर पाळ, अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी या टप्प्यावर माणूस जागच्या जागी अडकू शकतो. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास दे. डाळ, दूध, अंडं यातली प्रथिनं तिच्या आड येतात. आणि ती मनाने कधीही एकदम बंद करायची नाही.

भडंगाबद्दल तुझी भीती खरी आहे. कोरडे, सुटे चुरमुरे अशा घशाला धोक्याचेच, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. पण त्यांना हवी आहे ती लसूण-मिरचीची चव. तीच फोडणी बारीक वाटून मऊ दहीभातात घालून बघ, शेंगदाण्याचं बारीक कूट घाल. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घे, काय चालेल ते तेच नक्की सांगतील.

ती मुलं त्यांना खरोखर दिसतात. "कुठे आहेत?" म्हणून वाद घालू नकोस. त्यांना भीती वाटत नसेल तर "असू देत, मी आहे ना" म्हण आणि तिन्हीसांजेच्या आधीच दिवा लाव. न्यूरोलॉजिस्टना मात्र सांग, कारण कधी आजारामुळे, कधी औषधांमुळे हे होतं. एकाएकी वाढलं तर आधी लघवीचा संसर्ग तपासून घ्या. फाइलवर ठळक लिहून ठेव: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल देऊ नये. ही दोन्ही औषधं पार्किन्सन्सची लक्षणं वाढवतात, आणि रात्री-बेरात्री ॲडमिट केलं की तिथल्या डॉक्टरांना अण्णांचा आजार ठाऊक असेलच असं नाही.

नवऱ्याशी भांडू नकोस. वडिलांसाठी काही करायचं राहून जाईल, ही त्यांची धास्ती आहे. दुसरं मत घ्यायला हरकत नाही, आधी रिपोर्ट पाठवून, व्हिडिओवर घ्या. आणि तुमच्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल विचारा. त्यात उपचार थांबवत नाहीत. दुखणं, बद्धकोष्ठता, झोप, घशाचा त्रास यांकडे नीट बघतात. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशीही बोल, तुझ्यासारख्या घरच्यांना तिथे सोबत मिळते.

आता तुझं. चौदा वर्षांच्या या हकिकतीत तू स्वतःबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. दिरांना सांग, फोन पुरे झाले, महिन्यातून चार दिवस सांगलीला या. त्या चार दिवसांत गोळ्या, घास, रात्री कूस बदलणं सगळं त्यांच्याकडे, आणि तू माहेरी जा.