मुलीला पर्यावरण विभागात पाठवावे का?

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली कन्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याने तिला पर्यावरण विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावले आहे. नेमणूकपत्रात ‘नोंदी ठेवणे व मंडळाकडे (म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे) विवरणे सादर करणे’ एवढेच काम लिहिलेले पाहून आपण दोन प्रश्न विचारले आहेत: इतके शिकून मुलीने कारकुनी करायची का, आणि उद्या त्या कागदांवरून प्रकरण उद्भवले तर बालंट तिच्यावर येईल का?

१९८१ च्या वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यानुसार अशा कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते, आणि कोणत्या धुरांड्यातून काय व किती बाहेर पडू द्यायचे, हे त्या संमतीपत्राच्या अटींत लिहिलेले असते. मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण, ज्याला कारखान्यात सगळे ‘फॉर्म फाइव्ह’ म्हणतात, ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. तारखा सांभाळणे कोणालाही जमेल आणि तेवढेच करायचे असेल, तर आपली शंका रास्त आहे.

परंतु फॉर्म फाइव्हमध्ये प्रत्येक प्रदूषकाचे प्रमाण लिहून ते ठरवून दिलेल्या मानकापेक्षा किती टक्क्यांनी वेगळे आहे आणि का, हेही लिहावे लागते. या ‘का’चे उत्तर रसायनशास्त्र शिकलेल्या माणसालाच देता येते. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ शोषून घेणारा कॉस्टिक स्क्रबर, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणारे यंत्र, घ्या. आम्ल शोषताना कॉस्टिक खर्च होते आणि नवे घातले नाही, तर सामू (पीएच) उतरतो. त्याच्या लॉगबुकात तिन्ही पाळ्यांना महिनाभर सामू नेमका ९ लिहिलेला असेल आणि स्टोअरमधून कॉस्टिक मात्र उत्पादनाच्या मानाने फारच थोडे उचललेले असेल, तर त्यांतील एक नोंद खरी नाही, हे ज्याला अभिक्रियेचे गणित येते त्याच्या चटकन लक्षात येते. धुरांड्यातील धूलिकणांचा नमुना घेताना नळीतून वायू ओढण्याचा वेग धुरांड्यातील वायूच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. तो कमी पडला तर जड कण आपल्या गतीने नळीत जादा शिरतात आणि आकडा फुगतो, वेग जास्त झाला तर आकडा खाली येतो. प्रयोगशाळेचा अहवाल नुसता फायलीला लावणाऱ्याला यातले काही दिसत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रात माणसाची किंमत ठरते ती नेमकी येथेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये कीटकनाशके, मूळ औषधे, रंग व रंगमध्यस्थ (रंग बनवताना लागणारी मधली रसायने) यांसह १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सतत मापन करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. त्यामुळे तेथील आकडे आता थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात आणि कागदावरील नोंद त्यांच्याशी जुळते की नाही, हे बाहेर बसूनही पाहता येते. (यंत्राचे अंशशोधन, म्हणजे ते बरोबर मोजते की नाही याची प्रमाणित तपासणी, केव्हा झाले, त्याचीही नोंद लागते, ती बहुधा सगळ्यात दुर्लक्षित वही असते.)

आता सहीचा प्रश्न. कंपनीकडून अपराध घडल्यास कारभाराची जबाबदारी असणारी व्यक्ती उत्तरदायी धरण्याची तरतूद वर सांगितलेल्या वायू कायद्यात आहे, त्यामुळे प्रशिक्षणार्थी मुलगी प्रथमदर्शनी त्या जागी येत नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने अनेक कलमांतील कैद काढून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला असला, तरी मंडळाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे आजही दंडनीयच आहे. म्हणून न पाहिलेल्या आकड्यावर तिने सही करू नये, चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख व आद्याक्षरे लिहावीत, आणि कोणी जुन्या तारखेने वही भरायला सांगितले, तर ते काम लेखी मागावे. लेखी मागितल्यावर असे हुकूम बहुतेक वेळा आपोआप मागे घेतले जातात.

नोकरी घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र होकार देण्यापूर्वी तिने काही गोष्टी स्वतः विचाराव्यात. नमुने घेणारी प्रयोगशाळा येते तेव्हा आपल्याला धुरांड्याच्या फलाटावर जाता येईल का? उत्पादन विभागाच्या पाळ्यांत निदान सुरुवातीचे काही महिने काम करायला मिळेल का? विवरणावर अंतिम सही कोणाची असते? पहिल्या दोहोंना स्पष्ट नकार मिळाला, तर मान्यताप्राप्त पर्यावरण प्रयोगशाळेतील नोकरी, पगार थोडा कमी असला तरी, तिला अधिक शिकवील. पुढे सुरक्षा अधिकारी व्हायचे असेल, तर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका वेगळी करावी लागते. ती आताच करण्याची घाई नको. आणि कारखान्याने मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट घातली, तर साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद घरीच ठेवावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक