दादांची तबकडी वेगळी होती

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्या बीटल्स या इंग्लिश बँडविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. उरलेल्या बहुतेक पत्रांचा आशय पहिल्या पत्रात येऊन गेला असल्याने त्या वाचकांनी तेच उत्तर आपल्यासाठीही आहे असे समजावे.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. आमच्या घरात एक वाद कित्येक वर्षे मिटलेला नाही. बीटल्सचा सर्वोत्तम अल्बम माझ्या मते ‘सार्जंट पेपर’, मुलाच्या मते ‘ॲबी रोड’ आणि १९७४ पासून बॉस्टनला असलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या मते ‘रबर सोल’. ‘रिव्हॉल्वर’चे नाव काढले की दादा म्हणतो, ‘त्यात लेनन आहेच कुठे?’ आपण निवाडा द्यावा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : निवाडा देतो, पण आधी तुमच्या दादांची बाजू घेणे भाग आहे, कारण ते म्हणतात त्यात खोटे काही नाही. फक्त ते ज्या तबकडीविषयी बोलत आहेत ती तुम्ही बहुधा कधी ऐकलेलीच नाही. साठच्या दशकात बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत कॅपिटल ही कंपनी काढत असे, आणि इंग्लंडमध्ये एका अल्बमवर १४ गाणी असली तर ही मंडळी ११-१२ गाण्यांतच तबकडी संपवून उरलेल्या गाण्यांचा आणखी एक अल्बम जुळवून विकत. ‘रिव्हॉल्वर’ ऑगस्ट १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये १४ गाण्यांचा निघाला, अमेरिकेत ११ गाण्यांचा. गाळलेली तिन्ही गाणी, म्हणजे ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’, ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’ आणि ‘डॉक्टर रॉबर्ट’, प्रामुख्याने लेननची होती आणि ती जूनमध्येच ‘येस्टरडे अँड टुडे’ नावाच्या जुळवलेल्या अल्बमवर खर्ची पडली होती. परिणामी अमेरिकी ‘रिव्हॉल्वर’वर हॅरिसनची तीन गाणी आणि लेननची अवघी दोन, असा उफराटा हिशेब झाला. अशी तबकडी हाती आलेल्या माणसाने ‘लेनन कुठे आहे?’ असे विचारले तर त्यात त्याची काय चूक?

‘रबर सोल’च्या बाबतीत हाच प्रकार उलट दिशेने घडला. डिसेंबर १९६५ मध्ये निघालेल्या इंग्लिश तबकडीची सुरुवात ‘ड्राइव्ह माय कार’ या विजेच्या गिटारवरच्या ठसकेबाज गाण्याने होते. कॅपिटलने ते गाणे आणि आणखी तीन गाणी गाळली, आधीच्या ‘हेल्प!’च्या इंग्लिश आवृत्तीतली दोन गाणी आणून घातली आणि सुरुवातीला ‘आइव्ह जस्ट सीन अ फेस’ हे साध्या लाकडी गिटारवरचे गाणे ठेवले. एवढ्या फेरफारामुळे अमेरिकी ‘रबर सोल’ हा जवळपास लोकगीतांच्या वळणाचा, एकाच रंगात भिजलेला अल्बम वाटतो. बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या ब्रायन विल्सनला ‘पेट साउंड्स’ या अल्बमची प्रेरणा मिळाली ती याच अमेरिकी तबकडीवरून. म्हणजे तुमच्या दादांच्या आवडत्या अल्बमची एकसंधता काही अंशी बीटल्सची नसून विक्रीचा हिशेब मांडणाऱ्या कंपनीची आहे. हे त्यांना जरा बेताने सांगावे.

दोन्ही देशांत गाण्यांचा क्रम आणि संख्या सारखीच असलेला पहिला अल्बम म्हणजे तुमचा ‘सार्जंट पेपर’. १९६७ च्या उन्हाळ्यात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर लोक प्रथमच एकच तबकडी ऐकत होते, आणि त्याच्या कीर्तीतला एक वाटा या साध्या गोष्टीचा आहे असे मला वाटते. १९८७ मध्ये हे अल्बम सीडीवर आले तेव्हा इंग्लिश आवृत्त्या प्रमाण मानल्या गेल्या आणि बहुसंख्य अमेरिकी श्रोत्यांना १४ गाण्यांचा ‘रिव्हॉल्वर’ तेव्हा कुठे सहज मिळू लागला. ‘रिव्हॉल्वर’ची पत उत्तरोत्तर वाढत गेली ती त्यानंतर. याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण वारा कोणीकडे वाहतो आहे ते त्यांतून कळते : ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या २००३ च्या यादीत ‘सार्जंट पेपर’ सर्व अल्बमांत पहिला होता, २०२० च्या यादीत तो २४ वा झाला, ‘रिव्हॉल्वर’ ११ वा आणि तुमच्या चिरंजीवांचा ‘ॲबी रोड’ ५ वा.

आता तुमच्या पेपरसाहेबांविषयी. हा अल्बम मी कमी लेखत नाही. चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या यंत्रावर, जवळपास पाच महिने खपून केलेले हे काम आहे, आणि ‘अ डे इन द लाइफ’मध्ये ४० वादकांना २४ मात्राखंडांत खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत प्रत्येकाने आपापल्या गतीने चढायला सांगितले, त्यातून जो कल्लोळ उभा राहिला त्याच्या तोडीचे काही त्यांनी पुन्हा केले नाही. परंतु ‘एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम’ ही जी मध्यवर्ती कल्पना म्हणून मिरवली जाते, ती पहिली दोन गाणी आणि शेवटाकडे येणारी शीर्षकगीताची पुनरावृत्ती एवढ्यापुरतीच आहे. मधली गाणी दुसऱ्या कोणत्याही अल्बमवर चालली असती, असे लेननने स्वतःच नंतर म्हटले आहे. शिवाय याच सत्रांत तयार झालेली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन अव्वल गाणी फेब्रुवारी १९६७ मध्ये सुट्या तबकडीवर देऊन टाकल्यामुळे अल्बमवर आलीच नाहीत. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक असल्याचे पुढे कबूल केले. तुम्हाला ‘सार्जंट पेपर’ची बाजू लढवायचीच असेल तर त्याची मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीवर असलेली आवृत्ती मिळवून ऐका. बँडची मंडळी हजर राहून लक्ष घालत ती मोनो मिश्रणाच्या वेळी. स्टिरिओ मिश्रण त्यांच्या पाठीमागे उरकले गेले. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये वरच्या पट्टीत आणि थोडे जलद आहे, आणि स्टिरिओत जाणवणारे त्याचे रडवेपण तिथे बरेच कमी होते.

‘ॲबी रोड’ची माझी ओळख कॅसेटवर झाली. कॉलेजातल्या एका मित्राने ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर तो उतरवून दिला होता. बाजू ४५ मिनिटांची आणि अल्बम ४७ मिनिटांचा. त्यामुळे मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या त्या प्रसिद्ध गीतमालिकेच्या शेवटी, ‘दि एंड’मध्ये मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन आळीपाळीने गिटार वाजवू लागतात, त्यांच्या ऐन रंगात फीत संपून खटका उडायचा. कित्येक वर्षे मी हाच त्या गाण्याचा शेवट मानत होतो, आणि खरे सांगायचे तर तो काही वाईट नव्हता. तुमच्या मुलाला हा अल्बम का आवडतो ते उघड आहे. आठ ट्रॅक, ट्रान्झिस्टरवर चालणारा ध्वनिमिश्रणाचा नवा कन्सोल आणि मूग सिंथेसायझर यांमुळे त्याचा नाद आजच्या कानांना सर्वांत जवळचा वाटतो, आणि स्पॉटिफायवर बीटल्सचे सर्वाधिक ऐकले जाणारे ‘हिअर कम्स द सन’ त्यातच आहे. पण ती गीतमालिका अर्धवट राहिलेल्या तुकड्यांना मार्टिन आणि मॅकार्टनी यांनी घातलेली गोधडी आहे. टाके इतके सुबक की तुकड्यांकडे लक्ष जात नाही, एवढेच. लेननला ती आवडत नसे, आणि ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’ हे गाणे तर मी आजही पुढे ढकलतो.

माझा कौल ‘रिव्हॉल्वर’ला, अर्थात १४ गाण्यांच्या. येथे गीतकार तीन आहेत आणि तिघेही भरात आहेत. आधी हॅरिसन पुरता उमललेला नव्हता आणि नंतर चौघे एकमेकांपासून दूर होत गेले. ‘एलिनॉर रिग्बी’मध्ये चौघांपैकी एकाचेही वाद्य नाही, केवळ आठ तंतुवाद्ये आहेत, आणि गाणे प्रामुख्याने दोन कॉर्डांवर उभे आहे. ‘फॉर नो वन’मध्ये ॲलन सिव्हिल यांचे फ्रेंच हॉर्न आहे. शेवटचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे वास्तविक या सत्रांत सर्वांत आधी, ६ एप्रिल १९६६ रोजी, ध्वनिमुद्रित होऊ लागले. आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यावा अशी लेननची मागणी होती. तेव्हा अवघ्या २० वर्षांचे असलेले ध्वनिमुद्रण अभियंता जेफ एमेरिक यांनी तो आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून बाहेर काढला. घरून बनवून आणलेल्या ध्वनिफितींचे वेढे (टेप लूप) इमारतीतल्या निरनिराळ्या यंत्रांवर लोक पेन्सिलींनी ताणून धरून उभे होते, आणि या साऱ्याखाली तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर अखेरपर्यंत धरलेला आहे. अल्बम निघाला त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि त्यात ‘रिव्हॉल्वर’मधले एकही गाणे वाजवले नाही. ही गाणी वाजवण्यासाठी रंगमंच उरलाच नव्हता. ‘सार्जंट पेपर’मध्ये जे कौशल्य दाखवण्यासाठी वापरले गेले, ते येथे गरजेपोटी वापरलेले दिसते, आणि माझ्या पसंतीचे कारण मुख्यतः हेच आहे. दादांना ती गाळलेली तीन गाणी ऐकवा आणि मग पुन्हा मत घ्या.

प्रश्न : मी बारा वर्षे सतार शिकते आहे. बीटल्सच्या अल्बमांतली सतार मला नेहमी चवीपुरत्या मिठासारखी वाटते. अल्बमांची तुलना करताना या बाजूचा विचार कोणीच का करत नाही? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘नॉर्वेजियन वुड’पुरती आपली तक्रार रास्त आहे. १९६५ मध्ये हॅरिसनने सतारीवर गिटारचीच धून काढली. सतारीऐवजी दुसरे वाद्य असते तरी चालीत फरक पडला नसता. परंतु सहा महिन्यांनी, ‘रिव्हॉल्वर’मधल्या ‘लव्ह यू टू’मध्ये, चित्र पालटते. सुरुवातीला ठेक्याविना आलापीसारखे काही स्वर येतात, मग तबला येतो आणि गाणे बांधले जाते. हा तबला अनिल भागवत यांचा. बाहेरच्या वादकांची नावे वेष्टनावर क्वचितच छापली जाण्याच्या त्या काळात त्यांचे नाव ‘रिव्हॉल्वर’वर छापले गेले, ही गोष्ट मराठी चाहत्यांना अजून फारशी ठाऊक नाही याचे मला नवल वाटते.

तो अल्बम निघाल्यावर, सप्टेंबर १९६६ मध्ये, हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यासाठी मुंबईला आला आणि खोट्या नावाने ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटून गर्दी जमू लागली तेव्हा गुरुशिष्य काश्मीरला हाउसबोटीत निघून गेले. त्या शिक्षणाचे फळ ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये ऐकू येते. त्यात दिलरुबा, स्वरमंडल, तंबोरा आणि तबला आहे, स्वर खमाज थाटाकडे झुकणारे आहेत आणि मधल्या वादनाच्या भागात झपतालाच्या दहा मात्रा आहेत. दिलरुब्याची मींड जशीच्या तशी उचलायला मार्टिन यांच्या व्हायोलिनवादकांना बरेच कष्ट पडले. ‘सार्जंट पेपर’चे कट्टर चाहतेसुद्धा हे पाच मिनिटांचे गाणे वगळून पुढे जातात. आपण तसे करू नये. याच एका निकषावर अल्बम निवडायचा असता तर माझा कौल बदलला असता.

आणखी एक गाणे कोणत्याच मूळ अल्बममध्ये नाही म्हणून या वादात येत नाही. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’ या आपल्या स्वतंत्र अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केले, त्याच भेटीत ‘दि इनर लाइट’चे वादनही भारतीय वादकांकडून करून घेतले. ते मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघाले. सतारवादक म्हणून आपण सुरुवात येथून करावी, जरी गंमत अशी की या गाण्यात सतार नाही.

प्रश्न : दोन तबकड्यांच्या ‘व्हाइट अल्बम’मधली भरताड काढून त्याची एकच तबकडी केली असती तर तोच सर्वश्रेष्ठ ठरला असता, हे आपल्याला मान्य आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जॉर्ज मार्टिन यांचे मत आपल्यासारखेच होते; मला ते मान्य नाही. १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हृषीकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात, मंडळींजवळ लाकडी गिटारींखेरीज फारसे काही नव्हते आणि वेळ मुबलक होता, त्यामुळे गाण्यांचा ढीग साठला. गायक डोनोव्हनने तिथे लेननला बोटांनी तारा छेडण्याची पद्धत शिकवली, तिच्याविना ‘डिअर प्रुडन्स’ आणि ‘ज्युलिया’ ही गाणी अशी झाली नसती. नंतर लंडनमध्ये कुरबुरी वाढल्या. रिंगो ऑगस्टमध्ये दोन आठवडे बँड सोडून गेला, आणि ‘बॅक इन द यूएसएसआर’वर मॅकार्टनीला ड्रम वाजवावे लागले. ३० गाण्यांच्या त्या पसाऱ्यात हे सगळे ऐकू येते. कोणती १४ ठेवायची हे विचारून पाहा, कोणत्याही दोन चाहत्यांच्या याद्या जुळणार नाहीत. ‘रेव्होल्यूशन ९’ची आठ मिनिटे मीही दरवेळी ऐकत नाही, पण ती काढू देणार नाही.

प्रश्न : भाचीला वाढदिवसासाठी बीटल्सची एकच तबकडी द्यायची आहे. जुन्या बाजारात ‘रिव्हॉल्वर’ मिळाला तर घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य घ्यावा, फक्त पैसे देण्यापूर्वी वेष्टन उलटून गाणी मोजावीत. ११ भरली तर तबकडी अमेरिकी आहे. ती संग्राहकाला द्यावी, भाचीला नाही. जुनी तबकडी चरे पडलेली असेल तर २०२२ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती घ्यावी. मूळ ध्वनिमुद्रणात एकाच ट्रॅकवर चिकटून बसलेली वाद्ये तीत संगणकाच्या मदतीने सुटी केली आहेत, आणि ‘टॅक्समन’मधले बास गिटार तिच्या छोट्या स्पीकरवरसुद्धा तिला स्वच्छ ऐकू येईल.