सिंगापूरचा पीआर घेताय? आधी मुलाच्या एनएसचं ठरवा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून ईपीवर (सिंगापूरचा नोकरीचा परवाना) येतोय, मुलगा दहाचा, मुलगी सहाची, एजंट म्हणतोय लगेच चौघांचा पीआर (कायम राहायचा परवाना) टाका, तर ते एनएसचं, म्हणजे नॅशनल सर्व्हिसचं, मुलांच्या सक्तीच्या आर्मीचं जे ऐकतो ते कितपत सिरियसली घ्यायचं. दादा, पूर्ण सिरियसली घ्या.

तुम्ही नोकरीवरून पीआर झालात तर तुम्हाला काही नाही, पहिल्या पिढीला सूट आहे. पण तुमच्याबरोबर मुलगा पीआर झाला की साडेसोळाव्या वर्षी रजिस्ट्रेशन आणि अठरानंतर दोन वर्षं फुलटाइम एनएस, मग पासपोर्ट भारताचा का असेना. आर्मी, पोलीस की सिव्हिल डिफेन्स ते सरकार ठरवतं. आणि "बारावीनंतर आजीकडे ठेवू, पुण्यात इंजिनिअरिंग करेल" हा जो सगळ्यांचा प्लॅन असतो ना, तो इथे चालत नाही. तेराव्या वर्षापासून लांबच्या मुक्कामाला एक्झिट परमिट (देशाबाहेर राहायची परवानगी) लागतं, पुढे बाँड (परत येण्याची हमी म्हणून रक्कम) मागतात, आणि डिग्रीसाठी एनएस पुढे ढकलून मिळत नाही. टाळली तर 10,000 डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत जेल. एनएस न करता पीआर सोडला तर पुढे त्याला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं झालं की तो अर्ज अडू शकतो.

एवढं कडक का, तर 1965 मध्ये मलेशियापासून वेगळे झाले तेव्हा यांच्याकडे सैन्य म्हणावं असं जवळपास नव्हतंच, त्यात ब्रिटिशही निघायच्या बेतात. गोह केंग स्वी संरक्षणमंत्री होते, त्यांनी इस्रायली अधिकारी बोलावले, शेजारी मुस्लिम देश भडकू नयेत म्हणून त्यांना "मेक्सिकन" म्हणायचे (खरंच!), आणि 1967 ला सक्तीची भरती सुरू झाली.

आता ते इतकं मुरलंय की वेगळं दिसतच नाही. ऑफिसात टीममधला कुणीतरी मध्येच दोन-तीन आठवडे गायब, रिझर्व्हिस्टला (एनएस झालेल्यांना सरावासाठी पुन्हा बोलावतात ते) गेलेला, बॉसही काही बोलू शकत नाही कारण तोही जाऊन आलेला असतो. चाळिशीला टेकलेले गडी संध्याकाळी पार्कात 2.4 किलोमीटरचा टाइम लावत पळतात, फिटनेस टेस्ट असते. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा घरटी चार मास्क वाटले, ते पॅक करायला सैनिकच बसले होते. ली सिएन लूंग ब्रिगेडियर जनरल होऊन राजकारणात आले आणि वीस वर्षं पंतप्रधान राहिले. पण लष्कर कधी सरकारच्या डोक्यावर बसलंय असं मात्र नाही, शेजारच्या थायलंड-म्यानमारसारखं इथे काही नाही.

आमच्या पोराचं झालंय. तेकाँग बेटावर ट्रेनिंग, पहिल्या दिवशी आईबापालाही फेरीने नेतात, बंक दाखवतात, मेसमधे जेवू घालतात. व्हेज मिळतं, ते टेन्शन घेऊ नका. बुक आउट करून (कॅम्पातून सुटी मिळून) घरी आला की फक्त झोप आणि वॉशिंग मशीन. शिस्त लागली, चिनी-मलय मित्र जोडले गेले, हे खरं. पण वर्गातल्या मुली दोन वर्षं पुढे निघून गेल्या हेही खरंच, आणि ते त्याला टोचलं. वर त्यानंतर दहा वर्षं रिझर्व्हिस्ट असतंच, लोक हे विसरतात.

गंमत म्हणजे यांचे तोफखानावाले सरावाला आपल्या देवळालीलाही येतात, आमच्या नाशिकच्या मावशीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

मी तुमच्या जागी असते तर दोन-तीन वर्षं ईपी आणि डिपेंडंट पासवरच (ईपीवाल्याच्या कुटुंबाचा परवाना) काढली असती, डिपेंडंट पासवाल्या मुलाला एनएस लागत नाही. इथेच राहायचं पक्कं झालं तर मग टाका पीआर, आणि मुलाला नीट समजावून टाका. नसेल पक्कं तर अर्जात त्याचं नाव घालू नका, मुलीचं घाला हवं तर, मुलींना सक्ती नाही. आणि एजंटला कशाला पैसे देताय, फॉर्म ऑनलाइन आहे, आपला आपल्याला भरता येतो.