सहा काउंटर, एक रांग

हवेतून पसरणाऱ्या साथीत सुपरमार्केटमध्ये कसं वावरावं, रांग कुठली धरावी, बिल कसं करावं, याबद्दल आलेल्या पत्रांमधले हे काही प्रश्न. बहुतेकांनी दोन दुकानांची तुलना केली आहे.

प्रश्न: कोविडच्या काळात मी दोन सुपरमार्केटमध्ये जायचे. एकात सहाही काउंटरना मिळून एकच लांबलचक रांग, दुसऱ्यात प्रत्येक काउंटरची वेगळी. पहिली रांग बघूनच पाय मागे यायचा. खरं तर लवकर कुठे उरकतं?

रांगेची लांबी बघू नका, ती किती सेकंदांनी सरकते ते बघा. एका बिलाला सरासरी 3 मिनिटं धरली, तर सहा काउंटर मिळून दर 30 सेकंदांना एक गिऱ्हाईक मोकळं करतात. पुढे 20 जण असले तरी 10 मिनिटांत तुमचा नंबर लागतो. वेगळ्या रांगांमध्ये हेच 20 जण तीन-तीन, चार-चार असे विखुरतात. रांग आखूड दिसते, पण थांबावं साधारण तेवढंच लागतं.

फरक कळतो तो कुणाचं तरी बिल अडकल्यावर. बारकोड फाटलेला असतो, कार्ड चालत नाही, किंमत बघायला गेलेला माणूस परत येत नाही. वेगळ्या रांगेत त्याच्यामागचे सगळे जागच्या जागी खिळतात आणि शेजारची रांग पळत असते. एकाच रांगेत उरलेले पाच काउंटर चालूच राहतात. दर 30 ऐवजी 36 सेकंदांना एक जण सुटतो, म्हणजे 10 मिनिटांची 12 होतात. तोटा सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. शिवाय 'माझीच रांग नेहमी हळू का' ही चिडचिड उरत नाही. रांगांचं हे गणित मुळात टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं गेलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ एर्लांग यांचा त्यावरचा पहिला निबंध 1909 सालचा आहे.

साथीत आणखी एक कारण जोडलं जातं. काउंटर एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे वेगळ्या रांगा लावल्या की पुढच्या-मागच्यात अंतर राहतं, पण बाजूच्या रांगेतला माणूस हाताच्या अंतरावर येतो. मग एकाआड एक काउंटर बंद ठेवावा लागतो आणि वेग निम्म्यावर येतो.

एका रांगेचेही दोन दोष आहेत. 20 माणसं 2 मीटरच्या अंतरानं उभी केली की जवळजवळ 40 मीटर रांग होते आणि ती मांडण्यांमधल्या गल्ल्यांत शिरते. मग मागे उभा असलेला माणूस पिठाच्या मांडणीसमोर अडून बसतो आणि पीठ हवं असलेल्याला त्याच्या अंगावरून हात घालावा लागतो. रांग भिंतीकडेनं किंवा दाराबाहेर वळवली तर हे टळतं. दुसरा दोष म्हणजे रांगेच्या टोकापासून शेवटच्या काउंटरपर्यंत चालण्यात 8-10 सेकंद वाया जातात. आधीचं गिऱ्हाईक पैसे देत असतानाच पुढच्याला बोलावून काउंटरच्या अलीकडे 2 मीटरवरच्या खुणेवर उभं केलं, की तेवढा वेळ वाचतो. जमिनीवर फक्त पट्ट्या चिकटवून हे होत नाही, हाक मारणारं माणूस लागतं.

प्रश्न: दारावर माणसं मोजून आत सोडत. आत डोकावलं तर गल्ल्या रिकाम्या दिसायच्या, तरी आम्ही बाहेर ताटकळत. हा अतिरेक नव्हता का?

गल्ल्या रिकाम्या असतात, कारण माणसं काउंटरपाशी साचलेली असतात. दारातून तो भाग सहसा दिसत नाही.

आत असलेली माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. हा साधा नियम अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केला. समजा मर्यादा 60 जणांची आहे आणि सामान गोळा करायला सरासरी 30 मिनिटं लागतात. दारावरचा माणूस या हिशेबानं मिनिटाला 2 जण सोडतो. पण सगळे काउंटर मिळून मिनिटाला दीडच माणूस बाहेर काढू शकत असतील, तर दर तासाला 30 जण आतच साचणार. मर्यादा भरली की दारही आपोआप दीडच्या वेगावर येतं. तेव्हा आतल्या 60 पैकी 45 जण सामान घेत असतात आणि 15 जण बिलासाठी 10 मिनिटं नुसते उभे असतात. एरवी हे चालून जातं. हवेतून पसरणाऱ्या रोगात तीच 10 मिनिटं बंद जागेत सगळ्यांत दाटीच्या कोपऱ्यात जातात.

अशा दुकानानं मर्यादा 60 वरून 48-50 वर आणली तर विक्री रतीभरही कमी होत नाही, कारण मिनिटाला दीड हा वेग काउंटरनं ठरवलेला आहे. फक्त आतली रांग बाहेर, मोकळ्या हवेत येते. म्हणून दारावरचा आकडा दुकानाच्या चौरस मीटरवरून काढला तरी काउंटरच्या वेगाशी ताडून पाहायला हवा. हे फार थोड्या दुकानांनी केलं असावं, असं तुमच्यासारख्या पत्रांवरून वाटतं.

गिऱ्हाइकाच्या हातात आहे तो आतला मुक्काम. यादी पदार्थांच्या क्रमानं न लिहिता गल्ल्यांच्या क्रमानं लिहा, जड वस्तू आधी, नाजूक आणि गार वस्तू शेवटी. एकानंच आत जा. दोघं गेले की मोजणीत दोन धरले जातात आणि बिल एकच होतं.

प्रश्न: कॅशियरशी संबंध नको म्हणून मी स्वतः स्कॅन करायच्या यंत्रावर जाते. पण दर दोन वस्तूंनंतर लाल दिवा लागतो आणि मदतनीस जवळ येतोच. माझं काय चुकतं?

यंत्राला तुमच्यावर नाही, वजनावर विश्वास आहे. पिशव्या ठेवायच्या जागेखाली वजनकाटा असतो. स्कॅन झालेल्या वस्तूचं नोंदलेलं वजन आणि काट्यावर वाढलेलं वजन जुळलं नाही की ते थांबतं. त्यामुळे चुका ठरावीक असतात.

स्वतःची पिशवी आधी ठेवली पण 'माझी पिशवी' हे बटण दाबलं नाही. वस्तू स्कॅन करून हातातच धरली. एक स्थिरावायच्या आत दुसरी टाकली. पर्स किंवा कोपर काट्यावर टेकलं. अगदी हलकी वस्तू, उदाहरणार्थ मसाल्याची पुडी, काट्याला जाणवलीच नाही. ती सपाट ठेवून हलकेच दाबा. पिशवी भरली म्हणून पैसे द्यायच्या आधीच उचलून ट्रॉलीत ठेवणं, ही सगळ्यांत जास्त घडणारी चूक.

स्कॅन होत नसेल तर आधी पाकीट पुसा. फ्रिजमधून काढलेल्या वस्तूवर दव जमतं आणि रेघा धूसर होतात. मऊ पाकिटाची सुरकुती ताणून सपाट करा, गोल डबा सावकाश फिरवा. तरीही जमलं नाही तर खालचे 13 आकडे हातानं टाकता येतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या 12 आकड्यांना डावीकडून 1, 3, 1, 3 असं गुणत जायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढं कमी पडतं तो तेरावा आकडा. त्यामुळे एक आकडा चुकला तर यंत्र हमखास पकडतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडतं. त्या दोघांत 5 चा फरक असेल तेव्हा मात्र फसतं.

पडद्यासाठी एक सूचना. सॅनिटायझर ओल्या बोटांवर असताना पडदा नीट ओळखत नाही, चुकीची बटणं दाबली जातात. सगळं आटोपल्यावर हात चोळा.

दहाएक वस्तूंपर्यंत हे यंत्र सोयीचं. भरलेली ट्रॉली, सुटी भाजी किंवा वयाची अट असलेली वस्तू असेल तर सरळ माणसाच्या काउंटरवर जा. सरावाचा कॅशियर तुमच्यापेक्षा कितीतरी वेगानं हात चालवतो आणि मदतनिसाच्या तीन फेऱ्या वाचतात.

प्रश्न: आमच्याकडचं एक दुकान प्रत्येक गिऱ्हाइकामागे सरकता पट्टा आणि कार्डाचं मशीन पुसायचं, काच लावायचं, हातमोजे सक्तीचे करायचं. दुसरं यातलं काहीच नाही, फक्त मास्क आणि उघडी दारं. पहिलं जास्त सुरक्षित ना?

बहुधा दुसरं.

पुसापुशीचं मूळ मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. प्लॅस्टिक आणि स्टीलवर कोविडचा विषाणू 72 तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आणि तांब्यावर 4 तासांपर्यंत सापडला. हे आकडे खरे, पण प्रयोगशाळेतले. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं स्पष्ट केलं की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी आहे. घरी आल्यावर साबणानं 20 सेकंद हात धुतले की तीही जवळपास संपते.

आता पुसण्याची किंमत बघा. एका काउंटरवर बिलाला 3 मिनिटं लागतात आणि काउंटर 80 टक्के वेळ गुंतलेला आहे. माणसं कधीही येतात, बिलं लहानमोठी असतात, असं धरून गणित केलं तर सरासरी 12 मिनिटं थांबावं लागतं. पुसायला फक्त 20 सेकंद वाढवले की काउंटर 89 टक्के गुंततो आणि थांबणं जवळजवळ 27 मिनिटांवर जातं. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात कंटाळून काही जण निघून जातात. पण दिशा हीच. पट्टा चकचकीत ठेवण्यासाठी माणसांना एकमेकांच्या श्वासात दुप्पट वेळ उभं केलं.

पुसायचंच तर तासातून एकदा, नीट. घरगुती ब्लीच 5 टक्क्यांचं असेल तर एक लिटर द्रावणात 20 मिलिलिटर, बाकी पाणी, म्हणजे 0.1 टक्का. आधी मळ काढा, मग द्रावण लावून निदान 1 मिनिट ओलं राहू द्या. फवारून लगेच कोरडं पुसलं तर विषाणू मरत नाही, फक्त फडकं ओलं होतं. द्रावण रोज ताजं करा आणि ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

हातमोजे हे दुसरं कातडं झालं. त्याच हातानं पट्टा, फोन आणि नाक शिवलं की मोज्याचा उपयोग संपला. काच बोलताना उडणारे मोठे थेंब अडवते, कॅशियरच्या दृष्टीनं ते चांगलंच. बारीक कण मात्र धुरासारखे कडेनं वळून जातात, आणि तिन्ही बाजूंनी काच लावलेल्या खोपट्यात हवा कोंडते. काच असेल तर हवा खेळती आहे ना, हे कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र कॅशियरच्या उंचीवर ठेवून तपासावं. बाहेरच्या हवेत साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग, असतं. काउंटरपाशी 800 च्या आत असेल तर ठीक, 1,500 च्या पुढे गेलं तर दारं उघडा किंवा माणसं कमी करा.

प्रश्न: भाजी घरी आणून साबणाच्या पाण्यात धुवावी का?

नाही. साबण सालीत आणि पानांत मुरतो, पोटात गेला तर मळमळ, जुलाब. वाहत्या साध्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि त्याआधी हात धुवा.

प्रश्न: वडील नोटाच वापरतात. ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेल्या सकाळच्या तासात जातात, तर तिथेच झुंबड असते. काय करावं?

नोटांची काळजी सोडा. नोट हातात न देता ताटलीत ठेवली आणि नंतर हात चोळले की पुरे. पिन टाकायचं मशीनही शेकडो बोटांखालून गेलेलं असतं. कार्डामुळे गिऱ्हाईक आणि कॅशियर यांच्यातलं अंतर वाढतं, एवढाच त्याचा खरा फायदा. सुटे पैसे आधीच मोजून नेले तर बिल लवकर संपतं.

राखीव तासाची गर्दी दार उघडतानाच होते, कारण सगळे त्या आधीपासून रांगेत असतात. पहिली लाट सामान गोळा करून 30-40 मिनिटांनी काउंटरवर आदळते. वडिलांना दार उघडल्यावर अर्ध्या तासानं जाऊ द्या, म्हणजे ते मांडण्यांपाशी असताना ती लाट काउंटरवरून ओसरते. तास संपताना नेहमीची गिऱ्हाइकं आत सोडतात, त्याच्या आधी बिल होईल एवढीच यादी त्यांच्या हातात द्या.