घरात पेशंट आहे म्हणून पोरीला नर्सिंगला टाकायचं?

प्रश्न: मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७१ टक्के. नीटमध्ये नंबर लागण्यासारखं नाही. धाकटा मुलगा ११ वर्षांचा, त्याला टाइप १ डायबिटीस आहे. त्याचं इन्सुलिन, शुगर सगळं मुलगीच बघते, रात्री त्याच्या अंगावरच्या शुगर सेन्सरचा अलार्म तिच्याच मोबाईलवर वाजतो. यांचा तर सुई बघूनच हात थरथरतो. लहान मुलांच्या हार्मोनच्या आजारांचं नर्सिंग असतं असं ऐकलं. ती घरीच निम्मं शिकलीये, त्यात टाकलं तर तिचं करिअर होईल आणि भावाकडेही लक्ष राहील. नागपुरात असा कोर्स कुठे आहे? (एक आई, मानेवाडा)

ताई, तुमच्या पत्रात मुलाची शुगर आहे, मिस्टरांचा थरथरणारा हात आहे, कोर्स आहे, पण पोरीला काय करायचंय ते कुठंच नाही. मी परत परत शोधलं. तिला विचारलंत का? की ती काही बोलत नाही म्हणजे तिला चालतंय असं धरून चाललात? सतरा-अठरा वर्षांची पोरगी रात्री तीनला अलार्मवर उठते, भावाला ग्लुकोज पाजते, शुगर वर येईपर्यंत बसते आणि सकाळी क्लासला जाते, आणि वर आपण म्हणतो ७१ टक्केच पडले. मला तर ७१ पडले याचंच कौतुक वाटतंय.

राग मानू नका, पण तुम्ही तिच्यासाठी करिअर शोधत नाही आहात, घरासाठी एक कायमची नर्स शोधताय आणि तिची फी भरायला तयार आहात. नीटचं प्रेशर टाकणारे आईबाप मला रोज भेटतात, त्यांच्याशी निदान भांडता तरी येतं. तुमचं प्रेशर प्रेमाच्या आवाजात आहे, त्याला नाही म्हणायचं म्हणजे भावाला नाही म्हटल्यासारखं होतं, ती बिचारी काय बोलणार.

कोर्सचं आधी उरकून टाकतो. बारावीनंतर फक्त हार्मोनवाल्या मुलांच्या नर्सिंगची वेगळी डिग्री नसते. राज्याची नर्सिंग सीईटी द्यायची, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, मग चाइल्ड हेल्थमध्ये एम.एस्सी. दोन वर्षं, आणि मुलांच्या वॉर्डात किंवा एंडोक्राइन म्हणजे हार्मोनच्या ओपीडीत काम करत करत त्यात शिरायचं. एम्समध्ये जायचं तर नॉरसेट म्हणजे त्यांची नर्सिंग भरतीची परीक्षा, तिथं नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू होतो, म्हणजे फील्ड काही हलकं नाही.

आता ते "घरीच निम्मं शिकलीये". हा गैरसमज जरा नीट बघू, कारण सगळा घोळ त्यातच आहे. ती एक मूल शिकलीये, स्वतःचा भाऊ. या नर्सिंगमध्ये शुगर हा एक भाग झाला. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ येतं, त्याच्या टाचेतून रक्त घेऊन तपासलेलं असतं, गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मेंदूची वाढ वाचते, आणि ती गोळी चमचाभर आईच्या दुधात चुरून द्यायची, दुधाच्या बाटलीत टाकायची नाही कारण बाळानं बाटली अर्धी टाकली की डोसही अर्धाच गेला, आयर्नच्या थेंबांसोबतही द्यायची नाही, हे आजीला पटेपर्यंत समजावणारी नर्सच असते. किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असलेलं मूल असतं, त्याला ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे स्टेरॉइडचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर थांबायचं नाही, स्टेरॉइडचंच इंजेक्शन द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. शुगर ४००-५०० वर जाऊन रक्तात आम्ल वाढलेलं मूल ॲडमिट होतं तेव्हा दर तासाला शुगर, सलाईन, लघवीचं माप, आणि मूल एकदम डोकं दुखतं म्हणालं, गुंगायला लागलं, नाडी मंदावली तर मेंदूला सूज येत असेल हे ओळखून त्याच मिनिटाला डॉक्टरला बोलवायचं. खेड्यातून आलेल्या बापासमोर दोन सिरिंज ठेवून सांगायचं, लाल टोपणवाली ४० च्या बाटलीची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन, केशरी १०० ची, अदलाबदल केली आणि १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं भरलं तर पोराला अडीच पट डोस जाईल. बाप हो म्हणतो. हो वर सोडायचं नसतं, त्याच्या हातानं भरून दाखवायला लावायचं.

म्हणजे ताई, या कामात अर्ध्याहून जास्त वेळ शिकवण्यात जातो. घरी गेल्यावर त्या कुटुंबाला नर्सची गरज पडू नये यासाठीच ती तिथं असते. आणि तुमच्या घरी चार वर्षांपासून याच्या नेमकं उलटं चाललंय, सगळं एकीच्या हातात. बरं, उद्या ती खरंच नर्स झाली तर रात्री तीनला कुठं असेल? नाइट ड्युटीवर, दुसऱ्यांच्या मुलांपाशी. मग अलार्म कोण बघणार, हे तर तुम्हाला आजच ठरवावं लागेल ना.

साहेबांना माझा निरोप द्या. इन्सुलिन पेनची सुई चार मिलिमीटरची मिळते, घरातल्या टाचणीहून कितीतरी लहान. हात थरथरतो मान्य, पण पोरीचाही पहिल्या दिवशी थरथरला असेल, तिला कुणी सूट दिली नाही. पुढच्या फॉलोअपला तुम्ही दोघं जा, पोरीला नेऊ नका, आणि तिथल्या सिस्टरला सांगा आम्हाला पहिल्यापासून शिकवा. मुलगाही ११ चा आहे, या वयात मुलं मोठ्यांसमोर स्वतः टोचायला शिकतात. डोसचा हिशोब मात्र तुम्हीच बघायचा, तो त्याच्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही, काहीही बदलायचं तर डॉक्टरांना विचारून. आणि अलार्म आज रात्रीपासून बाबांच्या मोबाईलवर, बाबा पोराच्या खोलीत झोपतील. काहून नाही झोपणार?

पोरीचं म्हणाल तर कदाचित तिला खरंच नर्सिंग आवडत असेल. पत्रात तुम्ही सहज लिहिलंय, मागच्या मे मध्ये दिवसभर लाईट नव्हती तर तिनं दोन मडक्यांच्या मधे ओली रेती भरून इन्सुलिन आतल्या मडक्यात ठेवलं. पंचेचाळीस डिग्रीत हे सुचणं आणि घाईत बर्फात न कोंबणं, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, ही समज मार्कांत दिसत नाही. पण ही समज घेऊन ती इंजिनिअरिंगलाही जाऊ शकते, बी.कॉम.लाही. नर्सिंगच म्हणाली तर माझा सल्ला, नागपूरबाहेरचं कॉलेज आणि हॉस्टेल. सेवाग्राम घ्या, पुणे घ्या, पण घरून अप-डाउन नको.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी वाचायला मागू नका. सीईटीच्या फॉर्मची तारीख तेवढी बघून ठेवा, भरायचा की नाही ते ती सांगेल.