लॅबचा फ्रिज रात्री काय करतो?

प्रश्न : ताई, बार्शीत आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमची लॅब मी सांभाळतो. सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन), साखर वगैरे तपासायचं सेमी-ऑटो बायोकेमिस्ट्री मशीन, दोन फ्रिज. ‘सगळी लॅब मोबाइलवर’ म्हणत एक विक्रेता मागे लागलाय : फ्रिजला वायफाय सेन्सर, मशीन सॉफ्टवेअरला जोडायची, वर कॅमेरे. मॅडम म्हणतात, रजिस्टर आहे की! काय करावं? – एक वाचक

उत्तर : मॅडमना एवढंच विचारा, रात्री नऊनंतर ते रजिस्टर कोण लिहितं?

मी लॅबमध्ये होते तेव्हाची गोष्ट. मे महिना. शनिवारी कुलूप लावताना फ्रिज ५ अंशांवर, सोमवारी उघडला तेव्हाही ५. मी इमानेइतबारे ५ लिहून मोकळी. दुपारी एसजीपीटी या यकृताच्या तपासणीचा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला पडताळणीचा नमुना, रेंजबाहेर. मशीनला शिव्या झाल्या, पिपेट बदलून झाली. शेवटी रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता येणारा आकडा, बघितला. तो १ च्या वर हवा, तर होता खाली. त्यातलं एनएडीएच, ज्याच्यावर ही तपासणी चालते ते द्रव्य, उष्णतेनं खराब झालेलं. मग फ्रीझर उघडला. बर्फाच्या ट्रेमधले खडे गायब, त्यांच्या जागी एक तिरकी लादी! म्हणजे रविवारी लाइट गेली, बर्फ वितळला, लाइट आली, पुन्हा गोठला. रजिस्टरात मात्र ५ आणि ५.

तेव्हा फ्रिजचा सेन्सर घ्याच, आणि बाकी कशाहीआधी घ्या. पण प्रोब (तापमान मोजणारं टोक) हवेत लोंबकळत ठेवू नका, ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवा. नाहीतर दार उघडलं की फोन बोंबलतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो म्यूट करतं. २ ते ८ ची मर्यादा घाला. कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर त्याच बाटलीत ठेवून आकडे जुळतात का पाहा. विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे : लाइट गेल्यावर राउटरही बंद पडतो, मग नेमका तेव्हा हा सेन्सर बोलणार कसा? त्याला स्वतःची बॅटरी आणि मेमरी हवी, शिवाय सिम असेल तर उत्तम. ‘संपर्क तुटला’ याचाही गजर यायला हवा.

सेल काउंटर जोडा. हातानं उतरवताना ११.२ चं हिमोग्लोबिन १२.१ होतं, मीही केलंय. मात्र बारकोड पेशंटच्या शेजारी उभं राहूनच ट्यूबला चिकटवा. टेबलावर मागाहून लावलात तर चुकीच्या नावाचा रिपोर्ट अधिक झटपट निघेल, एवढंच. सेमी-ऑटो तूर्त राहू दे. कॅमेरेही नकोत, कलेक्शन रूममध्ये तर मुळीच नाही.

आणि सेन्सरला सॅम्पलमधलं काही कळत नाही. सेपरेट न केलेलं, म्हणजे पेशींपासून सीरम वेगळं न काढलेलं रक्त रात्रभर फ्रिजात राहिलं, तर फोनवर सुरेख ४ अंश दिसतील आणि सकाळी पोटॅशियम खोटंच वाढलेलं येईल. साध्या ट्यूबमधली साखर बाहेर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, तिथे फ्लोराइडची राखाडी बुचाची ट्यूबच लागते.

वेटिंगमधल्या पेशंटना दिलेल्या वायफायवर ही उपकरणं जोडू नका, वेगळा राउटर ठेवा. कंपनीनं दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्रॅम असल्याच पासवर्डांतून कॅमेऱ्या-राउटरांत शिरला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा तिथंही कित्येक दिवस हातानं लिहून काम चाललं. म्हणून मॅडमचं रजिस्टरही राहू द्या.

आता, रात्री दोनला गजर वाजला तर लॅबची चावी कुणाकडे? गजर दोन फोनांवर जाऊ दे आणि त्यातला एक तरी माणूस लॅबपासून जवळ राहणारा असू दे. सेन्सर येईपर्यंत फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा. सोमवारी नाणं तळाशी दिसलं, तर आधी कंट्रोल लावा, मगच रिपोर्ट सोडा.